लाकडी बहुमजली इमारत आणि आग: आराखड्यापासून आग विझल्यानंतरपर्यंत काय काय तपासायचे

सीएलटी किंवा ग्लुलॅमच्या, म्हणजे लाकडाच्या फळ्या चिकटवून केलेल्या जाड पॅनेल-तुळयांच्या, इमारतीचा प्रस्ताव टेबलावर आला की बैठकीत दोन तट पडतातच. एका तटाचे म्हणणे: लाकूड ते लाकूडच, पेटणार. दुसरा तट ब्रोशर उघडून दाखवतो की जाड लाकडाचा वरवरचा कोळसा होतो, आतला गाभा शाबूत राहतो, म्हणून ते पोलादापेक्षा भरवशाचे. दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. या इमारतींत जे लाकूड भार पेलते तेच आगीचे इंधनही असते. ही दुहेरी भूमिका आराखड्यात शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवावी लागते. पुढे जे लिहिले आहे ते निर्णय ज्या क्रमाने घ्यावे लागतात त्याच क्रमाने. वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, कंत्राटदार आणि मालक या चौघांनाही ते उपयोगी पडावे.

आधी सामान ओळखून घेऊ. फळ्यांचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवून केलेले मोठे पॅनेल म्हणजे सीएलटी. ते स्लॅब आणि भिंतींना वापरतात. फळ्या एकाच दिशेने रचून, चिकटवून केलेल्या तुळया आणि खांब म्हणजे ग्लुलॅम. पातळ व्हिनियरच्या थरांपासून होते ते एलव्हीएल. तिन्हींचा आगीतला स्वभाव साधारण सारखा, फरक पडतो तो जाडीने आणि गोंदाने.

कोळसा कसा आणि किती होतो

शेकोटीत ढलप्या भसकन पेटतात आणि ओंडका तासन्‌तास धुमसत राहतो, त्यामागचे तत्त्वच इथे कामाला येते. साधारण ३०० अंश सेल्सिअसला लाकडाचा कोळसा होतो. हा कोळसा उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे जळण्याची रेषा ठरावीक गतीनेच आत सरकते. युरोकोड ५ मध्ये, म्हणजे युरोपच्या लाकडी बांधकामाच्या संहितेत, मऊ (पाइन, स्प्रूससारख्या) लाकडासाठी ही गती मिनिटाला ०.६५ मिमी धरली आहे. कोपरे गोलाकार जळतात, ते हिशोबात धरायचे तर ग्लुलॅमसाठी ०.७ आणि साध्या चिरीव लाकडासाठी ०.८ मिमी.

पण कोळशाच्या आतले सगळे लाकूड जसेच्या तसे नसते. १०० अंशांलाच लाकडाची दाब सोसण्याची ताकद मूळच्या चौथ्या हिश्श्यावर येते, आणि ताण सोसण्याची सुमारे ६५ टक्क्यांवर. म्हणून कोळशाच्या पलीकडचे आणखी ७ मिमी लाकूड ताकदीच्या हिशोबात शून्य धरतात. ही सात मिलिमीटर विसरलेली गणिते प्रत्यक्ष कागदावर दिसतात, तेव्हा कोणाचेही गणित हातात आले की पहिल्यांदा तीच शोधा.

पहिला निर्णय: इमारतीने नेमके काय निभावायचे

‘६० मिनिटांचे रेटिंग’ म्हणजे चाचणीच्या भट्टीत तुळई, खांब किंवा स्लॅब टिकतो ती ६० मिनिटे. आयएसओ ८३४ या वेळ-तापमानाच्या प्रमाण वक्राप्रमाणे भट्टीचे तापमान ३० मिनिटांनी ८४२ आणि ६० मिनिटांनी ९४५ अंशांवर जाते. त्यानंतर बर्नर बंद, चाचणी संपली. खऱ्या इमारतीत मात्र बर्नर बंद झाल्यावरचा भागही असतो. खोलीतले सामान जळून संपते, तापमान उतरू लागते, तरी लाकडात शिरलेली उष्णता आत सरकतच राहते. दाब पेलणाऱ्या खांबांना हे सगळ्यात जड जाते, कारण १०० अंशांच्या आसपासच त्यांची ताकद ढासळते. भट्टी बंद केल्यानंतर, थंड होण्याच्या काळात, ग्लुलॅमचे खांब कोसळल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा: सगळे लोक बाहेर पडेपर्यंत आणि अग्निशमन दल काम सुरू करेपर्यंत इमारत उभी राहिली तरी पुरे, की आतले सगळे जळून संपले, पाणी पोचले नाही, तरीही ती उभी राहिली पाहिजे? दोन-तीन मजल्यांच्या कार्यालयाला पहिले उत्तर चालते. उंच इमारतीत, रुग्णालयात, किंवा जिथे लोकांना आपापल्या खोलीतच थांबायला सांगितले जाते अशा निवासी इमारतीत दुसरेच उत्तर द्यावे लागते, आणि मग नुसत्या मिनिटांच्या रेटिंगवर विसंबता येत नाही. हे उत्तर लेखी नोंदवा. पुढचा प्रत्येक वाद याच कागदावर येऊन मिटतो.

दुसरा निर्णय: किती लाकूड उघडे ठेवायचे

लाकूड दिसावे म्हणूनच बहुतेक मालक या इमारती बांधतात, त्यामुळे इथे ओढाताण ठरलेली. ती भावनेने नाही, आकड्याने सोडवा. मऊ लाकडाची घनता घनमीटरला ४५० किलो धरली, तर एक चौरस मीटर छत ४० मिमी जळते म्हणजे १८ किलो लाकूड जळते. किलोला साधारण १७.५ मेगाज्यूल धरले तर ३१५ मेगाज्यूल. यातली काही ऊर्जा कोळशातच राहते हे मान्य. पण युरोकोड १ मध्ये (भारांविषयीची युरोपीय संहिता) कार्यालयातल्या फर्निचर, कागद वगैरेंचा सरासरी अग्निभार, म्हणजे ते जळून निघणारी ऊर्जा, चौरस मीटरला ४२० मेगाज्यूल धरला आहे. म्हणजे नुसते छत उघडे ठेवले तरी खोलीतल्या सामानाच्या तोडीचे इंधन वरून टांगल्यासारखे होते. आग जास्त वेळ चालते, खिडक्यांतून बाहेर पडणाऱ्या ज्वाळा मोठ्या होतात, वरच्या मजल्याला आणि शेजारच्या इमारतीला धोका वाढतो. फ्रान्समध्ये ३५२ चौरस मीटरच्या मोकळ्या दालनात सीएलटीचे छत उघडे ठेवून ‘कोडरेड’ नावाचे प्रयोग झाले. न जळणाऱ्या छताच्या मानाने आग कितीतरी वेगाने दालनभर पसरली.

किती उघडे यापेक्षाही *कुठे* उघडे हे जास्त महत्त्वाचे. समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या असतील तर त्या एकमेकींना तापवत राहतात आणि आग आपोआप विझण्याची शक्यता मावळते. भिंत आणि छत यांच्या कोपऱ्याचेही तसेच. माझे मत विचाराल तर खोलीत एकच पृष्ठभाग उघडा ठेवावा, आणि निवडायचीच असेल तर छतापेक्षा एक भिंत. जिन्याचा आणि लिफ्टचा शाफ्ट या चर्चेतून बाहेरच ठेवा. तिथे उघडे लाकूड नको.

संहितांनी हीच तडजोड आकड्यांत मांडली आहे. अमेरिकेच्या आयबीसी या इमारत संहितेने २०२१ च्या आवृत्तीत जड लाकडाच्या इमारतींचे तीन नवे प्रकार आणले: सगळे लाकूड झाकलेले असेल तर १८ मजल्यांपर्यंत, थोडे उघडे असेल तर १२, आणि बरेचसे उघडे असेल तर जास्तीत जास्त ९. मधल्या प्रकारात छत किती उघडे ठेवता येईल याची मर्यादा २०२४ च्या आवृत्तीत सैल झाली, पण ती चाचण्यांच्या जोरावर आणि गोंदाची अट घालून. व्हँकुव्हरचे १८ मजली ब्रॉक कॉमन्स हे विद्यार्थी वसतिगृह २०१७ मध्ये पुरे झाले, तेव्हा त्याचे जवळजवळ सगळे लाकूड जिप्सम बोर्डांखाली झाकले होते. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या २५ मजली असेंट इमारतीला २०२२ मध्ये बरेच लाकूड उघडे ठेवता आले, पण त्यासाठी खांबांच्या स्वतंत्र अग्निचाचण्या करून परवानगी मिळवावी लागली.

तिसरा निर्णय: पॅनेलचे थर आणि गोंद

सीएलटीच्या खरेदीत इथे बारकाईने पाहिले नाही तर पुढचे सगळे गणित कोसळते. काही गोंद कोळशाची रेषा पोचण्याआधीच, उष्णतेने मऊ पडतात. मग जळका थर आख्खाच्या आख्खा गळून खाली पडतो आणि त्यामागचे ताजे, तापलेले लाकूड एकदम आगीपुढे उघडे पडते. विझत आलेली आग पुन्हा भडकते.

उदाहरणच घेऊ. पॅनेलचे थर प्रत्येकी २० मिमीचे आहेत. थर गळत नसतील तर ६० मिनिटांत ०.६५ च्या गतीने ३९ मिमी जळेल. गळत असतील तर पहिला थर सुमारे ३१ मिनिटांत संपून पडेल, आणि उघड्या पडलेल्या लाकडाच्या पहिल्या २५ मिमीसाठी गती दुप्पट, म्हणजे १.३ मिमी धरावी लागते. प्रत्येक थर २० मिमीचाच असल्याने गती खाली यायची वेळच येत नाही. उरलेल्या २९ मिनिटांत आणखी ३८ मिमी जाते. एकूण ५८ मिमीच्या आसपास, म्हणजे जवळपास दीडपट. त्यातून जो थर आडवा आहे तो गाळ्याच्या, म्हणजे एका आधारापासून दुसऱ्या आधाराच्या, दिशेला ताकद देत नाही, त्यामुळे उरलेली जाडी दिसते त्याहूनही कमी कामाची.

यावर उपाय दोन. एक, बाहेरचा थर जाड घ्या. ४० मिमीचा पहिला थर ०.६५ च्या गतीने ६१ मिनिटे चालतो. दोन, उष्णतेत न सुटणारा गोंद मागा. उत्तर अमेरिकेच्या पीआरजी ३२० या सीएलटी मानकाने २०१८ पासून गोंदासाठी खोलीच्या मापाची अग्निचाचणी सक्तीची केली. पुरवठादाराला ‘गोंद अग्निरोधक आहे का’ असे मोघम विचारू नका, होच म्हणणार. कोणत्या मानकाच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे, कोणत्या थररचनेच्या पॅनेलवर चाचणी झाली, आणि थर गळाले की नाही, हे अहवालातून वाचून घ्या. साइटवर आलेल्या पॅनेलवरचा शिक्का त्या अहवालाशी जुळतो का तेही पाहा.

चौथा: तुळईचे गणित स्वतः करून पाहा

अंतिम गणित इंजिनिअरचेच, पण ढोबळ आकडा प्रत्येकाला काढता यावा. २४० मिमी रुंद, ४८० मिमी खोल ग्लुलॅमची तुळई घ्या. वर स्लॅब आहे, म्हणजे आग तीन बाजूंनी. ६० मिनिटांत जळण ०.७ गुणिले ६०, म्हणजे ४२ मिमी; त्यात ७ मिळवून ४९. रुंदीतून दोन्ही बाजूंचे ९८ वजा, उरले १४२. खोलीतून फक्त खालचे ४९ वजा, उरले ४३१. वाकण सोसण्याची क्षमता रुंदी गुणिले खोलीचा वर्ग या प्रमाणात बदलते, ती मूळच्या सुमारे ४८ टक्के राहते.

हे ऐकून घाबरायचे कारण नाही. आगीच्या वेळी इमारतीवर पूर्ण संकल्पित भार नसतो, साधारण ६० टक्के धरतात. शिवाय एरवी लाकडाच्या ताकदीला लावलेले सुरक्षा गुणक आगीच्या गणितात सैल होतात. युरोकोडच्या नेहमीच्या आकड्यांनी ताकद सुमारे १.८ पट धरता येते. ४८ टक्के गुणिले १.८, म्हणजे साधारण ८६ टक्के. गरज ६० ची. तुळई निभावते.

आता तीच तुळई ९० मिनिटांसाठी पाहा. ७० मिमी वजा, उरले १०० बाय ४१०. क्षमता ३० टक्के, १.८ ने गुणून ५५. थोडक्यात हुकली. १२० मिनिटांना तर रुंदी ५८ मिमीच उरते आणि उत्तर २९ टक्के येते, तेव्हा प्रश्नच नाही. दर मिनिटाला जळण सारखेच, पण रुंदी दोन्हीकडून खाल्ली जात असल्याने क्षमता शेवटी शेवटी झपाट्याने घसरते. म्हणून जास्त वेळाच्या रेटिंगला खोली वाढवण्याऐवजी रुंदी वाढवा. उरलेली तुळई अरुंद झाल्यावर ती बाजूला कलंडून तर जाणार नाही ना, हे इंजिनिअरला वेगळे विचारा.

जिप्समचे आवरण

जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे पाणी स्फटिकात बांधलेले असते. ते वाफ होऊन जाईपर्यंत मागचे लाकूड १०० अंशांच्या आसपास थांबते. युरोकोडच्या सूत्राने एका पदरी बोर्डामागे कोळसा सुरू व्हायला लागणारी मिनिटे म्हणजे २.८ गुणिले जाडी, वजा १४. १५ मिमीच्या बोर्डाला २८ मिनिटे येतात. आयबीसी मात्र १५.९ मिमीच्या टाइप एक्स (अग्निरेटिंगच्या) बोर्डाला ४० मिनिटे देते. दोन्ही आपापल्या चौकटीत बरोबर आहेत, मोजायची रीत वेगळी. एका संहितेतला आकडा उचलून दुसरीच्या सूत्रात घातला की गोंधळ झालाच.

साइटवर तीन गोष्टी पाहायच्या. दुसऱ्या पदराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ नयेत. दुसऱ्या पदराचे स्क्रू लांब हवेत, इतके की कोळसा झाल्यावरही टोक किमान १० मिमी न जळलेल्या लाकडात राहील; स्टोअरमध्ये आखूड स्क्रूचे खोके आहे म्हणून तेच वापरले तर बोर्ड लवकर खाली येईल. आणि बोर्ड साधा नाही, अग्निरेटिंगचाच आहे, हे मागची छापील ओळ वाचून खात्री करा, कारण रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

सांधे

लाकडी इमारतीतला कमजोर दुवा बहुतेकदा तुळई नसतो, तुळई आणि खांब जोडणारे पोलाद असते. ६०० अंशांना पोलादाची ताकद निम्म्याहून कमी उरते. त्याहून वाईट म्हणजे ते उष्णता थेट लाकडाच्या पोटात नेते, आणि डॉवेलच्या, म्हणजे जोडातल्या पोलादी खुंटीच्या, भोवतीचे लाकूड आतूनच करपते. उघड्या बोल्टच्या किंवा डॉवेलच्या जोडाला युरोकोड १५ ते २० मिनिटेच देतो. तासाभराची तुळई पंधरा मिनिटांच्या बोल्टवर टांगायची का, एवढाच प्रश्न आहे.

पोलादी प्लेट तुळईच्या मधल्या खाचेत लपवा. डॉवेल पृष्ठभागापासून आत बुडवा आणि भोकाच्या तोंडाशी लाकडी गुडदी (बूच) चिकटवून बसवा. गुडदीची जाडी त्या मुदतीत होणाऱ्या जळणाएवढी तरी हवी, ६० मिनिटांसाठी ४२ मिमी आणि वर थोडे. तुळईचे टोक आणि खांब यांच्यात सोडलेल्या फटीतून ज्वाळा आत शिरतात, तिथे आगीत फुगणारी पट्टी घाला. ड्रॉइंगमध्ये हे सगळे असते. साइटवर भोक जुळत नाही म्हणून गवंडी-सुतारांपैकी कोणीतरी शेजारी दुसरे भोक पाडतो, बोल्टचे डोके बाहेर राहते, आणि गुडदी बसतच नाही. सांधे झाकण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो घ्यायचा नियम करा.

फटी, पाइप, पोकळ्या

पॅनेलच्या सांध्यांतून आग शिरण्याच्या कितीतरी आधी धूर शिरतो. म्हणून दोन पॅनेलच्या कडांमध्ये उभारणीच्या वेळीच सीलंटची सलग रेघ हवी. नंतर ती घालता येत नाही. पाइप आणि केबल जिथून आरपार जातात तिथली फायरस्टॉपची, म्हणजे आग-धूर अडवायला भोक बुजवण्याची, पद्धत सीएलटीवरच तपासलेली असावी. काँक्रीटवर पास झालेली पद्धत इथे चालेलच असे नाही, कारण लाकडात भोकाची कड जळून मागे सरकते आणि सील लोंबकळते. धातूच्या पाइपला काही अंतर इन्सुलेशन, प्लास्टिकच्या पाइपला आगीत आवळणारी कॉलर. छताखाली फॉल्स सीलिंग असेल तर वरच्या पोकळीत आग दडून फिरते. ती पोकळी टाळा, नाहीतर ठरावीक अंतरावर अडथळे घालून तोडा.

बाहेरच्या भिंतीचा विचार स्थानिक नियम हाती घेऊनच करा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ मधल्या आगीनंतर इंग्लंडने १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील सामानावर बंदी घातली, आणि तिथे सीएलटीच्या बाह्य भिंतीही बाद झाल्या.

रंगाबद्दल एकच सांगतो. ज्वालारोधक रंग पृष्ठभाग पेटायला आणि ज्वाळा पसरायला उशीर करतो. तो लावला म्हणून तुळईला जास्तीची मिनिटे मिळत नाहीत. हे दोन वेगळे दाखले आहेत, एकाच्या जागी दुसरा स्वीकारू नका.

स्प्रिंकलर हवेतच. बहुतेक आगी लहान असतानाच ते त्यांना आवरतात. पण पंप बंद असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर वरच्या गणितातून यायला हवे. स्प्रिंकलर आहेत म्हणून आवरण कमी करण्याची सवलत उंच इमारतीत मी तरी घेणार नाही.

बांधकाम चालू असताना

खरा धोका बऱ्याचदा इथेच असतो. जिप्सम लागलेले नसते, स्प्रिंकलरमध्ये पाणी नसते, दारे नसतात, आणि वेल्डिंग चालू असते. नॉटिंगहॅम विद्यापीठाची लाकडी सांगाड्याची प्रयोगशाळा सप्टेंबर २०१४ मध्ये बांधकाम सुरू असतानाच जळाली. ती पुन्हा बांधून २०१७ मध्ये उघडली.

तेव्हा आवरण मजल्यामागून मजले चढवत चला. अमेरिकी अग्निसंहितेत उंच लाकडी इमारतींसाठी असा दंडक आहे, की आवरण पूर्ण झालेल्या मजल्याच्या फार तर चार मजले वरपर्यंतच सांगाडा चढवता येतो. अग्निशमनाची उभी पाइपलाइन सांगाड्याबरोबर वर न्या, आणि ती पाण्यासह चालू स्थितीत ठेवा. वेल्डिंग-कटिंगला लेखी परवाना, काम संपल्यावरही तिथे माणूस थांबणे, भुसा आणि पॅकिंग रोजच्या रोज बाहेर. निदान एक जिना पहिल्यापासून बंदिस्त ठेवा.

आग विझल्यावर

ज्वाळा गेल्या म्हणजे संपले नाही. कोडरेड प्रयोगांनंतर सांध्यांत आणि कडांना लाकूड दोन दिवसांनंतरही धुमसत असल्याचे आढळले, आणि अशी जागा हळूहळू आरपार खाल्ली जाऊ शकते. म्हणून अग्निशमन दलासोबत थर्मल कॅमेऱ्याने दर काही तासांनी फेरी मारा. पॅनेलचे सांधे, खांबांचे पाय, पोलादी प्लेटच्या खाचा आणि जिप्सममागच्या जागा आधी पाहा. गरम ठिपका दिसला की आवरण उचकटून कोळसा खरवडा आणि तिथेच पाणी मारा. पाणी भरमसाट ओतू नका, स्लॅबच्या थरांत ते मुरून बसते. ओलावामापकाने नोंदी ठेवा आणि वाळेपर्यंत काही झाकू नका. मग कोळसा पूर्ण काढून, करपलेला तपकिरी थर तासून, उरलेले माप घ्या आणि वरच्या तुळईसारखे गणित पुन्हा मांडा. या वेळी मात्र भार आगीच्या वेळचा नाही, पूर्ण संकल्पित धरायचा, आणि सुरक्षा गुणकही नेहमीचेच लावायचे.